नाव घेऊन सांगावे

"ताई, आधी पाणी घ्या," म्हणत बकुळानं पेला पुढं केला आणि ड्यूटी-रूमचं दार लोटून घेतलं.

अंजनीनं घटाघटा पाणी संपवलं. सलग दुसरी ड्यूटी. उल्हासनगरच्या त्या सरकारी दवाखान्यात नर्सेस मोजक्या आणि पेशंट उदंड. पायांचे नुसते खांब झाले होते, अंगात त्राण म्हणून नव्हतं. त्यात नव्या अंकाचा पत्ता नाही.

अंक म्हणजे 'दोन शब्द'. पेशंटशी, त्याच्या नातेवाइकांशी कसं बोलावं, हे नर्सेसना सांगणारं चार पानी मासिक पत्रक. अंजनी लिहायची, बकुळा स्टेन्सिल कापायची आणि अंजनीचा नवरा महिपती शहाडच्या वासुमलकडून सायक्लोस्टाइल करून गठ्ठा स्कूटरवरून आणायचा. आज सकाळीच आणणार होता.

"आमचे हे म्हणजे कहर! बसले असतील वासुमलकडे चहा ढोसत," अंजनी करवादली. "आणि तुझं काय गं? तोंड का उतरलंय?"

"कॅज्युअल्टीत अपघाताची केस आली होती. टेम्पोनं उडवलेला माणूस. हाती लागला नाही. त्याच्या बायकोला मी सांगायचंय. ओळखीची आहे हो ती. तोंडातून शब्दच फुटत नाही."

अंजनीला तिची दया आली. हे पत्रक निघालं तेच मुळी अशा एका चुकीतून. बारवी धरणाकडच्या पाड्यावरची आवडी. तिचा नवरा मेला, तर कुणी नर्स जाता जाता म्हणाली, "त्याला खाली नेलंय." शवागारात, हे सांगितलंच नाही. ती बापडी भाकरीचं फडकं मांडीवर घेऊन संध्याकाळपर्यंत खाली कँटीनपाशी त्याची वाट बघत बसली. अंजनीला ते अजून सलत होतं.

"चल, मी ती बाई. सांग मला."

बकुळा समोरच्या स्टुलावर टेकली. "डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण..."

"झालं! आडवळणं नकोत गं. वारले तर वारले म्हण. पुन्हा."

"पेशंट... वारले."

"पेशंट? तिच्या कुंकवाला पेशंट म्हणतेस? नाव घे, बाई! नाव कानावर पडल्याशिवाय काळजाला पटत नाही. आणि हात धर तिचा. लिहून लिहून माझी बोटं झिजली, पण तुम्ही मेल्या वाचाल तर शपथ! वाच बघू, काय लिहिलंय."

बकुळानं खिशातून अंक काढला. "नाव घेऊन सांगावे. लांबवू नये."

"हां! लांबवू नये. मग ऊठ आता. ती बिचारी तिकडं जीव मुठीत धरून बसली असेल आणि तू इथं तालीम करतेयस. तिच्या जागी मी असते ना, तर तुझ्या कानाखाली वाजवली असती."

बकुळा उठली नाही.

अंजनीनं तिच्या हातातला अंक ओढून घेतला. शाई ओली होती, बोटांना लागली. तिचा सगळा शीण क्षणात उतरला.

"अगं, हा तर नवा अंक! म्हणजे आले वाटतं आमचे हे. कुठायत?"

बकुळानं स्टूल पुढं ओढलं आणि तिचा हात हातात घेतला.

"अंजनीताई, महिपतीभाऊ वारले."