बाटलीची राखण

भोरच्या एका कॉलेजात अमृत सरांनी बाटलीभर पाण्यात डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक प्लॅस्टिकचे मणी सोडले होते. मणी आपल्याच वजनानं तळाशी बसून थरावर थर रचतात, पण थरांत मध्येमध्ये जागा रिकाम्या राहतात. वर्षभरात वजनानं दबून त्या बुजतात का, एवढंच सरांना बघायचं होतं. "मामा, बाटली तुमच्या भरवशावर," असं शिपाई भिमामामांना सांगून सर फक्त शनिवारी सूक्ष्मदर्शकातून फोटो काढायला उगवायचे.

वर्षानं सरांनी निकाल छापून आणला: एकही जागा बुजली नाही, गुरुत्वाकर्षणाचा या रिकाम्या जागांवर काडीचाही परिणाम नाही. लगेच सत्कार, शाल, नारळ!

"वर्षभर त्या बाटलीला कुणाचाही हात लागलेला नाही," सर माइकवरून छाती फुगवून म्हणाले, आणि मागच्या खुर्चीत बसलेल्या भिमामामांना ते फारच लागलं. एवढं जिवापाड जपलं, आणि साधं नावसुद्धा नाही? न राहवून ते उभे राहिले.

 

"कुणाचाच हात न्हाई कसा, सर? दर सोमवारी तळाला बसलेला गाळ हलवून हलवून पाण्यात एकजीव कोण करत व्हतं?"