डोंग्यातली फळी

काच बसवायची तेवढी राहिली होती. बळीरामनं लाकडात कोरलेला छोटा डोंगा चौथऱ्यावर ठेवला, दोन पावलं मागे सरला आणि धोतराच्या सोग्याला हात पुसत राहिला.

मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या नव्या भवनाचं तासाभरात उद्घाटन होतं. सचिव ताराचंद हिंगण्याच्या कंपनीतून अर्धी सुट्टी काढून आला होता. डोंग्याची कल्पना त्याचीच. नागपुरात वाढलेल्या पोरांनी नदी पाहिली नाही, ढिवरांची होडी म्हणजे डोंगा पाहिला नाही. भवनात शिरताच तो समोर दिसला पाहिजे, असं त्याच्या मनात होतं. लकडगंजच्या आरा मशीनवर काम करणारा बळीराम एके काळी वैनगंगेवर डोंगे कोरायचा, हे त्याला कुणीतरी सांगितलं. बळीराम आधी नाही म्हणाला. मग एक दिवस त्यानं मोहाचा एक ओंडका बाजूला काढून ठेवला.

हातभर लांबीचा डोंगा झाला होता. एकाच लाकडातून कोरलेला, तळाशी गोलसर. आत बांबूची काडी, सुताचं जाळं, मासोळ्यांची इवलीशी टोपली.

समाजातले सर्वांत वयस्कर नत्थूजी काठी टेकत आले. डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी बोटांनी चाचपून पाहिलं.

"अस्सल आहे गा," ते म्हणाले. मग त्यांचं बोट थांबलं. "हे काय होय?"

डोंग्याच्या मधोमध एक आडवी फळी होती. फळीच्या दोन्ही बाजूंना, काठाच्या आतून, तांब्याच्या तारेच्या दोन बारक्या कड्या.

"डोंग्यात फळी कुठं असते, बळीराम? आपून त् बुडाशी बसत होतो. अन् ह्या कड्या कायच्या?"

बळीराम आतली टोपली सारखी करत राहिला.

"चुकून बसली असन त् काढून टाका ना, बळीरामभाऊ," ताराचंद म्हणाला. "पाहुणे येऊन राहिले. लोकं म्हणतीन, ढिवरायलेच डोंगा माहीत नाही."

"काढतो."

बळीरामनं पिशवीतून पटाशी काढली. तिची धार फळीच्या कडेला लावली आणि तसाच उभा राहिला.

"काहून थांबले?"

त्याची बायको कांताबाई दारात रांगोळी घालत होती. सकाळपासून ती इतर बायांबरोबर भवनात राबत होती, पण चौथऱ्याकडे एकदाही फिरकली नव्हती. नवरा डोंगा करतो आहे हे कळलं तेव्हाही तिनं तो पाहायला मागितला नव्हता. गाव सोडून नागपुरात आल्यापासून त्यांच्या घरात नदीचं नाव निघत नसे. त्याआधी गावात, नुकतीच शाळेत जाऊ लागलेली त्यांची मुलगी गिरजा बापासोबत डोंग्यातून पलीकडच्या काठाला निघाली होती. मधल्या धारेत डोंगा कलला. बळीराम पोहत काठाला लागला. पोर लागली नाही. लोकांनी त्याला बोल लावला नाही. कांताबाईनंही लावला नाही. त्या दिवसाबद्दल तिनं कधी एक शब्द विचारला नाही, आणि त्यानं सांगितला नाही.

आता ती उठून आत आली. बायकोला येताना पाहून बळीरामनं पटाशी खाली घेतली. कांताबाई चौथऱ्यापाशी वाकली. तिनं जाळं पाहिलं, टोपली पाहिली. फळीवर बोट टेकवलं; रांगोळीचा पांढरा ठसा उमटला. मग एका कडीला बोट लावून पाहिलं. करंगळीचं टोकही आत जाईना.

"हे धरासाठी होय?" तिनं विचारलं. "दोन्ही हातानं?"

बळीरामनं मान हलवली.

ती सरळ उभी राहिली. "राहू द्या भाऊ," ताराचंदला म्हणाली.

"पण वहिनी, डोंग्याले अशी फळी—"

"नसते. माहीत आहे मले, नसते." तिचा आवाज चढला नव्हता. "राहू द्या."

ताराचंद आणखी काही बोलणार, तोच नत्थूजींनी त्याचं कोपर धरलं. ते बळीरामच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना काय दिसलं असेल, कोण जाणे.

"काच बसव गा," ते म्हणाले.

काच बसली. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, बाया आरतीचं ताट घेऊन फाटकाकडे धावल्या. ताराचंद हार उचलून गेला, त्याच्या मागोमाग नत्थूजी. आत दोघंच उरले. काचेला बोटांचे डाग पडले होते. बळीराम ते धोतरानं पुसत होता, पुसून झाले तरी पुसत होता.

"पाणी थंडं होतं काय जी?" कांताबाईनं विचारलं.

बळीरामचा हात थांबला. तो तिच्याकडे वळला नाही.

"नाही," तो म्हणाला. "कोमट होतं. उन्हं पडले होते."

गिरजा गेली तेव्हा दिवाळी नुकतीच सरली होती. पहाटेची वेळ होती. नदीवर इतकं धुकं होतं की समोरचा काठ दिसत नव्हता, आणि पाण्यात धावणाऱ्या कांताबाईला बायांनी धरून मागे ओढलं होतं. ओलं लुगडं अंगाला चिकटून ती दुपारपर्यंत कुडकुडत बसली होती.

बाहेर टाळ्या सुरू झाल्या. कांताबाईनं पदर सारखा केला.

"हो," ती म्हणाली. "कोमटच असन."