सदस्यत्व रद्द करा

हौसेनं ईमेलसाठी स्वतःच्या आडनावाचं डोमेन घेतलं. आडनावाआधी कुठलंही नाव टाका, मेल माझ्याकडेच येतो. त्यामुळे स्पॅमवाले अंदाजानं नावं ठोकत बसतात. रोज चारेकशे मेल. त्यांच्या मते मला टक्कल आहे, मधुमेह आहे आणि मी विधवा आहे.

आज सकाळी बायकोनं पोटातल्या बाळाचं नाव माझ्या कानात सांगितलं. आमच्या दोघांच्या नावांची मोडतोड करून तिनंच बनवलेलं.

"आईंनासुद्धा सांगायचं नाही हं."

दुपारी त्याच नावाच्या पत्त्यावर मेल आला. सवयीनं मी 'सदस्यत्व रद्द करा' दाबलं. नाव नंतर वाचलं.

उत्तर लगेच आलं. 'विनंती मंजूर. हा निर्णय बदलता येत नाही.'

आतून बायको म्हणाली, "अरे, बाळ सकाळपासून लाथा मारत होतं, आत्ता एकदम थांबलं. झोपलं असेल ना?"