ताई कुठली?

कॉम्प्युटरवरच्या फोटोंच्या अ‍ॅपने विचारलं, "ही एकच व्यक्ती आहे का?" मी घाईत 'हो' दाबलं आणि बायकोने नावं घालून ठेवलेले आमच्या जुळ्या मुलींचे लहानपणचे सगळे फोटो एकाच नावाखाली जमा झाले. थोरली सातव्या वर्षीच वारली. तिचे फोटो वेगळे करायला आज धाकटी आली.

"सोपं आहे, बाबा. मी फोटो उघडते, तुम्ही ताई कुठली तेवढं सांगा."

मी चष्मा पुसला. परत पुसला. "मला कधीच ओळखता यायचं नाही गं. तुझी आई असेपर्यंत तिलाच विचारायचो. तूच सांग."

माउसवरचा तिचा हात थांबला.



"यातली मी कुठली, हे मीसुद्धा आईलाच विचारायचे, बाबा."