रविवार पाळणारा शिंपला

सोमवार उजाडला आणि शिंपला पुन्हा तोंड मिटून बसला.

पाउलासीने काचेवर टिचकी मारून पाहिली. ढिम्म. शुक्रवारी हाच शिंपला मोरपिशी झालर पसरून मिरवत होता. आता फटीतून फिकुटलेली किनार तेवढी दिसत होती. टोंगाची राजधानी नुकुआलोफा, तिथल्या मत्स्यखात्यात, पाहुण्यांना मासेमारीची फिल्म दाखवायच्या टीव्हीशेजारी, ही खाऱ्या पाण्याची टाकी बसवायची कल्पना पाउलासीचीच. शिंपला नखाएवढा असताना त्यानेच तो ओंजळीतून आणला होता. पुढच्या सोमवारी मंत्रिसाहेब पाहुण्यांना घेऊन तो बघायला येणार होते. शिंपला फुललेला दिसला तर पाउलासी संचालक होणार, नाहीतर जन्मभर उपसंचालकच राहणार, हे खात्यातल्या शिपायालाही ठाऊक होतं.

"उजेड कमी पडतोय," ब्रिस्बेनहून आणलेला तज्ज्ञ कीथ म्हणाला.

उजेड जास्त होतोय म्हणून मागच्या सोमवारी त्यानेच दिवे वर चढवले होते. त्याआधी निळा उजेड वाढवला होता. दर शुक्रवारी शिंपला सुधारायचा आणि कीथची छाती फुगायची. सोमवारी दोघंही मिटलेले. खिडकीबाहेर समुद्रावर ऊन नुसतं सांडत होतं, पण त्याचा विचार करायला खात्याने कोणाला नेमलं नव्हतं.

"देवावर सोडा," फरशी पुसता पुसता लोसा आत्या म्हणाली.

तिचा घसा पार बसला होता. दर सोमवारी बसायचाच. चर्चमध्ये किती तळमळीने स्तोत्रं म्हणते ही बाई, असं सगळे कौतुकाने म्हणायचे. लोसा आत्या खात्यात सफाईला होती, पण होती पाउलासीच्या बापाची थोरली बहीण. ती खोलीत आली की उपसंचालक खुर्चीवरून उठायचे. तिच्यापुढे आवाज चढवायची हिंमत खुद्द बापाने कधी केली नव्हती, तिथे पोराची काय कथा! तिला चहासुद्धा पाउलासीच करून द्यायचा.

रविवारी त्याला राहवेना. चर्च झालं, भट्टीतलं डुकराचं मांस आणि नारळाच्या दुधातली आळूची पानं खाऊन सगळी वस्ती आडवी झाली. रविवारी कामाला हात लावणं म्हणजे पाप, आणि पाउलासी तर चर्चचा कारभारी. तरी चर्चला जाताना रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेली चटई न सोडता, स्तोत्रांचं पुस्तक काखेत मारून, तो मागच्या गल्लीने निघाला. कोणी हटकलंच तर आजाऱ्याला भेटायला चाललोय म्हणायचं. तसं ते खोटंही नव्हतं.

दालनाचे पडदे ओढलेले होते. टाकीचे दिवे बंद, पंप बंद. वायर भिंतीतून उपसून खाली टाकलेली. आत्या लाल शाल पांघरून जमिनीवर बसली होती. दार वाजताच ती दचकली, तिने शालीखाली काहीतरी दाबलं आणि मांडीवरचं पुस्तक घाईघाईने उघडलं.

"आत्या! हे तुम्ही करता?"

"मग कोण करणार? सहा दिवस जळतात ना तुझे दिवे? सातव्या दिवशी तू, तुझा गडी, तुझं जनावर, कोणी काम करायचं नाही. शिंपला जनावर नाही का? सोमवारी आल्या आल्या लावते की परत."

"अहो, पण मरेल तो!"

"आणि तू रे? चर्चचा कारभारी ना? रविवारचं ऑफिसात काय करतोयस?"

पाउलासीने स्तोत्रांचं पुस्तक उगाचच या काखेतून त्या काखेत घेतलं.

"जा घरी. मी नाही कोणाला सांगणार," आत्या मोठ्या मनाने म्हणाली.

त्याचे हात वायर लावायला शिवशिवत होते. अंधारात मिटलेल्या त्या मुक्या जिवाची त्याला मनापासून कीव आली. पण समोर आत्या होती. तो आला तसा मागच्या गल्लीने परत गेला.

सोमवारी मंत्रिसाहेब आले. पाहुणे आले. शिंपला मिटलेलाच.

"काय हो, मेलाय की काय हा?"

नारळपाण्याचं तबक धरून आत्या भिंतीशी उभी होती. खरं सांगावं तर आत्याची नोकरी जाणार, गप्प बसावं तर आपली खुर्ची. पाउलासीने मान खाली घातली आणि खुर्चीवर पाणी सोडलं.

तेवढ्यात कीथ खाकरला. त्यालाही अब्रू होती.

"साहेब, माझा निष्कर्ष असा आहे की टोंगाच्या शिंपल्यात सात दिवसांचं घड्याळ असतं. रविवारी तो आपोआप मिटतो आणि सोमवार उलटेपर्यंत उघडत नाही. जगात इतर कुठेही असं आढळत नाही."

मंत्रिसाहेबांचे डोळे पाणावले. "ऐकलंत? आमच्या देशात शिंपलासुद्धा रविवार पाळतो!"

टाळ्या पडल्या. कोणीतरी स्तोत्र सुरू केलं. पाउलासी उभ्या उभ्या संचालक झाला.

दारातून मंत्रिसाहेब मागे वळले. "बिचाऱ्याला नीट विश्रांती मिळाली पाहिजे. येत्या रविवारपासून या इमारतीचा मेन स्विचच पाडायचा. खोलीची किल्ली माझ्याकडे राहील."

आत्याने हातातलं तबक खाली ठेवलं. गाड्या फाटकाबाहेर पडल्या न पडल्या तोच तिने नव्या संचालकांची बाही धरली.

"मेन स्विच? अरे गाढवा, तोंड शिवलं होतं का तुझं?" ती बसलेल्या घशाने ओरडली. "घरी टीव्ही लावावा तर शेजारी पाद्री. इथे टीव्हीला आणि टाकीला मिळून एकच प्लग, म्हणून तुझा शिंपला काढत होते. आता येत्या रविवारी माझा नातू ऑकलंडला रग्बीची फायनल खेळणार, ती काय शिंपल्यात बघू?"