कडा फिक्या पडतात

"तुमच्या खिडकीतून चौक दिसतो ना?" शिंप्याने दारातूनच विचारलं. गळ्यातली मापाची टेप काढायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"दिसतो," परीक्षक म्हणाला.

"आणि सकाळी तुम्ही फोटो काढत होता. मी खालून बघितलं."

आता नाही म्हणायची सोयच नव्हती. मासिकात कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहिणाऱ्या या माणसाची रीत इमारतीत सगळ्यांना ठाऊक होती. नवा कॅमेरा आला की आधी ही खिडकी. ऊन चौकात उतरलं की पूर्ण झूम करून एकच फोटो. पलीकडच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचता आली तर कॅमेरा पास.

"काढला एक. पण उपयोग नाही हो. स्वस्तातला डबा आहे. झूम केलं की नुसता चिखल."

"चिखल तर चिखल, दाखवा की. चेहरा नाही तर नाही, गाडीचा रंग तरी कळेल."

"रंगही धड नाही."

शिंपी दारातून हलला नाही. "वडील अजून शुद्धीवर नाहीत, काका. खुबा मोडलाय. डोक्याचं डॉक्टर काही बोलतच नाहीत. औषधवाला म्हणतो, तो बाहेर आला तेव्हा स्कूटर आडवी पडली होती, कोणीतरी पोरगी होती हेल्मेट घातलेली. पोलिसांना अर्धामुर्धा नंबर दिलाय त्याने. तुमचं विमानही त्याच सुमाराला जातं ना? तिला काही दिसलं का, विचारा."

विमान हे नाव शिंप्याच्या म्हाताऱ्या वडिलांनीच ठेवलेलं. रोज सकाळी म्हातारा पायरीवर बसायचा आणि परीक्षकाची मुलगी स्कूटर काढायला लागली की ओरडायचा, "सरका रे, विमान सुटलं."

"कामावर तिचा फोन बंद असतो," परीक्षक म्हणाला. "आली की विचारतो. आणि फोटोत काही असतं, तर दिलं नसतं का तुम्हाला?"

हे इतक्या सहज तोंडून निघून गेलं, की त्याला स्वतःचीच किळस आली. शिंपी मान हलवून जिना उतरला. जाताना "माफ करा, त्रास दिला" म्हणाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॅमेरा चिखल नव्हता. तो कमालीचा चांगला होता. बऱ्यापैकी बुटांच्या किमतीचं ते प्लास्टिकचं खोकं, पण पाटीच्या खालची बारीक अक्षरंसुद्धा त्यात कोरल्यासारखी आली होती. सकाळी कॅमेऱ्याच्या इवल्याशा पडद्यावर त्याने तेवढीच बघितली. परीक्षक पाटीच बघतो. पाटीखाली माणूस मरत असेल, तर ते त्याच्या निकषात बसत नाही.

खाली आरडाओरडा झाल्यावर त्याने फोटो संगणकावर उघडला. पाटीखाली म्हातारा पडला होता. हातभर अंतरावर आडवी स्कूटर. आणि मध्ये उभी मुलगी, दोन्ही हात हेल्मेटवर. तिच्या पाठीवरच्या पिशवीला निळं ठिगळ होतं. ते लावलं होतं याच शिंप्याने, आणि पैसेही घेतले नव्हते. शिंप्याला झूम करायची गरजच पडली नसती.

सकाळी ती घरातून निघताना तो तिला म्हणाला होता, "एक दिवस कुणाला तरी उडवशील." आणि ती हसली होती.

दिवसभर तो तिला फोन लावत होता. औषधांच्या कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, हे माहीत असूनही. संगणकावरचा फोटो शिंपी यायच्या आधीच त्याने पुसला होता. कार्डावरचा तेवढा राहिला होता. पुसायच्या बटणावर बोट ठेवून तो बराच वेळ बसला. खाली आज बंद असलेलं शिंप्याचं मशीन वर ऐकू येतंय, असं त्याला वाटत राहिलं.

मग त्याने फोटो पुसला. पुसलेला फोटो परत मिळवता येतो, हे वाचकांना त्यानेच शिकवलेलं. म्हणून कार्ड गच्च भरेपर्यंत तो समोरच्या भिंतीचे फोटो काढत बसला. भिंत प्रत्येक वेळी सुरेख आली.

खोट्याला टेकू हवा, म्हणून परीक्षणही तसंच लिहिलं. 'झूम निव्वळ नावाला. तपशील लगदा होतात. कडा फिक्या पडतात, डाव्या कडेला पांढरट फराटा उमटतो.' फराट्याचं तेवढं खरं होतं. तो फोटोत होता.

परीक्षण पाठवताच संपादकीणबाईंचा फोन आला.

"अरे, सकाळी तर म्हणालास, मोठमोठ्या कंपन्यांच्या थोबाडीत मारेल. दुपारपर्यंत काय झालं? लहान कंपनी आहे, बुडेल ती."

"सकाळी घाई झाली."

"तुला? पाटी वाचल्याशिवाय तू बायकोलासुद्धा हो म्हणाला नसशील. बरं, नमुन्याचा फोटो पाठव. फराटा छापू."

"नाही ठेवला. छापायच्या लायकीचा नव्हता."

"तुझं नाव जाणार आहे खाली, माझं नाही," म्हणून बाईंनी फोन ठेवला. शिंप्याच्या घरी जाऊन यावं, निदान दवाखान्यात काही लागतं का विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण कुठल्या तोंडाने? मुलगी तरी वाचली, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा सांगितलं.

दिवेलागणीला तिचा फोन आला. पोलीस चौकीतून. आवाज दमलेला, पण शांत.

"बाबा, आधी घाबरू नका. आजोबांना एका पांढऱ्या टेम्पोने उडवलं आणि तो पळाला. मी गाडी तशीच टाकून धावले. डोकंच चालेना क्षणभर. मग त्यांना रिक्षात घातलं, दोघा माणसांबरोबर दवाखान्यात पाठवलं आणि कामाची पाळी बुडेल म्हणून कारखान्यात गेले. आता सगळे म्हणतात, टेम्पो कुणी पाहिलाच नाही, तूच उडवलंस. उडवलं म्हणून पळालीस."

त्याला फोनवरच हुंदका फुटला.

"अहो, रडताय काय? मी सांगितलंय साहेबांना, माझे बाबा रोज त्याच वेळी चौकाचा फोटो काढतात आणि त्यांच्या कॅमेऱ्यातून काही सुटत नाही. ते निघालेत तुमच्याकडे. तेवढं कार्ड देऊन टाका."