गोळीचा त्रास

"ही खाट गोठ्यात ने," यादोरावने मुलाला, प्रफुलला, सांगितले आणि दुपट्टा नाकाशी धरून तो बाजूला सरला.

खाट सावित्रीबाईची होती, त्याच्या दिवंगत भावाच्या बायकोची. हत्तीरोगाने तिचा उजवा पाय खांबाएवढा झाला होता. कातडीला बाभळीच्या सालीसारख्या भेगा होत्या, आणि त्यांतून पाझरणाऱ्या पाण्यावर माशा बसत. आत किडे वळवळत असणार, असे यादोरावला वाटे. तिच्या हातचे पाणीदेखील तो पीत नसे. उद्या मुलीकडची माणसे प्रफुलचे घर पाहायला सौंदडला येणार होती. तो पाय त्यांच्या दृष्टीस पडता कामा नये.

"गोठ्यात मच्छर लय हायेत, भाऊजी," सावित्रीबाई म्हणाली.

"तुमाले आता मच्छर चावून अजून काय होणार हाये?"

तेवढ्यात गावची आशा कार्यकर्ती दुर्गेश्वरी घरोघर सगळ्यांना द्यायच्या हत्तीरोगाच्या गोळ्या घेऊन आली. सावित्रीबाईने आणि प्रफुलने त्या निमूट गिळल्या. यादोराव मात्र अडून बसला.

"किडे त्यायच्या पायात, अन् गोळ्या माया तोंडात? कायले?"

"जेवले ना, काकाजी? मंग गिळा. मायासमोर गिळल्याबिगर मी उठत नाही."

त्या पायाजवळून लवकर सुटका व्हावी, म्हणून त्याने गिळल्या.

संध्याकाळी त्याला हुडहुडी भरली. मग उलट्या सुरू झाल्या. सावित्रीबाईने पाय ओढत घमेले आणले आणि त्याचे कपाळ धरले. तिचा हात झटकण्याचेही त्राण त्याच्यात उरले नव्हते.

प्रफुल दुर्गेश्वरीला घेऊन आला.

"जहर देलं तुनं!" यादोराव ओरडला. "वहिनीनं बी खाल्ल्या, त्यायले काहीच नाही. मलेच काऊन?"

दुर्गेश्वरीने ताप मोजला, डॉक्टरांना फोन केला, आणि मगच बोलली.

"घाबरू नका, उतरते हे. वहिनीबाईचं रक्त मागच्या तपासणीत साफ निघालं, काकाजी. त्यायच्या अंगातले किडे पाय खराब करून कवाचेच मेले. तुमच्या रक्तात जिते होते. ते आता मरून राहिले, म्हणून हा ताप."

"माया रक्तात?"

"बारीक असतेत, दिसत नाहीत. मच्छर तेच उचलून दुसऱ्याच्या अंगात सोडते."

यादोरावने स्वतःच्या दंडाकडे पाहिले. कातडी नितळ होती. त्याला पुन्हा उमासा आला.

प्रफुलने न विचारताच खाट घरात आणली. सावित्रीबाईने घमेले पुढे धरले.

"मी या घरात आली तवा," ती म्हणाली, "माये दोन्ही पाय सारखेच होते, भाऊजी."